पिन खाली सोडू नका

आमच्या माळमड्डीत कुणाही रिक्षावाल्याला विचारा, अनसूयाबाईंचं घर कुठलं. तो तुम्हाला थेट फाटकाशी आणून सोडेल आणि वर विचारेल, "ते पाण्याचा दिवा करतात, त्यांचंच ना री?" त्यांचंच. मी त्या अनसूयाबाईंचा नवरा. सगळी नोकरी धारवाडच्या कोर्टात बेंच क्लार्क म्हणून केली, भल्याभल्या वकिलांना दाराबाहेर थांबवलं, पण रिक्षावाल्याला माझं नाव माहीत नाही. पहिल्यांदा मला राग आला होता. आता मीच फाटकात उभा राहून सांगतो, "हो, हेच घर. या. चपला तिकडं काढा."

बायकोचं कौतुक नवऱ्यानं चारचौघांत करू नये असं आमच्या पिढीत म्हणायचे. म्हणू देत की. मी करणार. ज्याला ऐकायचं नसेल त्यानं उठून जावं.

दर रविवारी सकाळी आमच्या पुढच्या खोलीत शाळा भरते. कुणी बँकेतून रिटायर झालेला, कुणी शिलाई करणारी, कुणी केलगेरीहून स्कूटरवर येणारा. प्रत्येकाच्या हातात एक हिरवी-निळी पट्टी आणि वायरींचा गुंता. त्याला मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड म्हणतात. माझी बायको त्याला पाटी म्हणते. आणि नवा माणूस आला की त्याला सगळ्यांत आधी एक वाक्य म्हणायला लावते, "पिन खाली सोडू नका." मग विचारते, "खाली म्हणजे काय?" तो जे सांगेल त्यावर ती हसते आणि स्वतःची फजिती सांगते. ती फार मजा करून सांगते, पण थोडक्यात आटपते. मी काही आटपत नाही. मी सगळं बघितलंय.

अनसूया मराठी शाळेत पहिली-दुसरीची बाई होती. मोठे वर्ग दिले तर घ्यायची नाही. म्हणायची, वाचायला येत नाही तिथपासून वाचायला येतं तिथपर्यंत नेण्यात जी गंमत आहे ती पुढं नाही. शिकवणं या गोष्टीत ती भलतीच कडक. टीव्हीवर कुणी खीर करायला शिकवत असलं तरी हिचं सुरूच, "अगं, दूध किती ते आधी सांग. वेलची नंतर बघू." रिटायर झाली त्या दिवशी मी म्हणालो, "आता आराम कर." ती म्हणाली, "तुम्ही करता तो पुरे आहे की घराला."

आमच्या मागच्या गल्लीत लीला राहते. लीला अनसूयेची शाळेपासूनची मैत्रीण. लग्नानंतर मोठ्या तापात तिचे कान गेले ते गेलेच. पण बोलते स्वच्छ, आणि समोरच्याचे ओठ बघून सगळं समजून घेते, मराठी असो की कन्नड. नवरा वारला, मुलगा निखिल पुण्याला नोकरीला. ही एकटी घरात बसून साड्यांवर कसुतीचे टाके भरते. तिच्या हातचं गोपुर आणि रथ बघायला हुबळीहून बायका येतात. हातात सुई असली की तिला कुणाची गरज नाही.

गरज पडायची ती फक्त पाण्याच्या वेळी. आता धारवाडच्या माणसाला पाण्याचं काय सांगायचं! काही भागांत चोवीस तास पाणी आलं म्हणतात. आमच्या गल्लीत अजून ते आठवड्यातून एकदा येतं, आणि कधी येईल ते त्याचं त्यालाच ठाऊक. नळ उघडा ठेवायचा. आधी हवा येते, नळ सूं सूं करतो, मग धार. त्या आवाजासरशी अख्खी गल्ली घागरी घेऊन धावते. लीलाला तो आवाज कुठून ऐकू यायचा? शेजारणी सांगायच्या, पण त्याच वेळी त्यांचंही पाणी भरायचं असे. दार वाजवून उपयोग नाही. एखादीचं राहून गेलं की लीलाच्या घागरी कोरड्या.

असंच एकदा पाणी चुकलं. लीला कोपऱ्यावर टँकर आला म्हणून कळशी घेऊन गेली आणि ओल्या फरशीवर पडली. मनगट मोडलं. सुईचा हात. निखिल धावत आला, प्लास्टर होईपर्यंत राहिला, आणि जाताना आम्हा दोघांना म्हणाला, "काका, काकू, दसऱ्यानंतर मी गाडी घेऊन येतो. आईला आता इथं एकटी ठेवणार नाही. पाण्यासाठी माणूस जातो का कुठं हात मोडून घ्यायला?" मुलगा चांगला आहे, बोलला ते खोटं नव्हतं.

 तो गेल्यावर लीला अनसूयेला म्हणाली, "पुण्यातल्या लोकांचे ओठ मला वाचता येत नाहीत गं. मागच्या वेळी गेले होते ना, लिफ्टमध्ये, दुकानात, सगळे भरभर बोलायचे. तो कामावर गेला की मी दिवसभर भिंतीकडं बघायची. इथं मी बहिरी आहे हे मला आठवतसुद्धा नाही. तिथं मी नुसती बहिरीच."

घरी आल्यावर अनसूया जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आमच्या लेकीचं, वेदश्रीचं कपाट उघडलं. वेदश्री इंजिनियर होऊन बंगळूरला गेली, तिच्या कॉलेजातला एक खोका तसाच पडून होता. त्यात ती पट्टी, वायरी, बारके दिवे. अनसूयेनं तिला फोन लावला. "पाणी आल्यावर दिवा लावायचा असेल तर ह्यातून जमतं का?" वेदश्री म्हणाली, "जमतं की आई, अगदी सोपं आहे. नेटवर सगळं आहे."

नेटवर सगळं आहे! हे वाक्य मी त्या दिवसांत इतक्या वेळा ऐकलं की माझं डोकं उठायचं. सगळं आहे म्हणजे काय? कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्येही सगळं असतं. हवा तो कागद काढून दाखवा बघू.

आधी तिनं एक इंग्रजी पुस्तक धरलं. इंग्रजीचं तिला भय नाही. पण तिसऱ्याच पानावर लेखक म्हणतो, आता हे तुमच्या लक्षात आलंच असेल. अनसूया भडकली. "लक्षात आलं असतं तर ह्याचं पुस्तक कशाला उघडलं असतं मी?" मग व्हिडिओ. एक पोरगा हिंदीत असा भरभर बोलायचा की मला वाटलं त्याच्या मागं कुणी लागलंय. दुसऱ्याचे हातच दिसायचे नाहीत, नुसतं तोंड. तिसरा फार छान सांगायचा, त्याच्या मागं ही बरेच दिवस गेली, आणि मग कळलं की त्याचा बोर्ड वेगळा, आपल्या खोक्यातला वेगळा. त्याची जी पिन, ती आपल्या बोर्डावर त्या जागी नाहीच. यप्पा! मी म्हणालो, "टाकून दे तो खोका." ती म्हणाली, "खोक्याचं काय चुकलं? चूक माझी. आधी आपल्या हातात कुठली पाटी आहे ते बघायचं आणि मग त्याच पाटीचा मास्तर शोधायचा. मी उलटं केलं." आणि बसली परत शोधायला.

मी तिच्या शेजारी बसून बघायचो. तिची मास्तर पारखण्याची एक रीत होती. प्रत्येक व्हिडिओ थोडा बघायची आणि विचारायची, "ह्याच्या हातून काही बिघडतं का?" कुणाच्याच हातून काही बिघडायचं नाही. वायर खुपसली की दिवा लागला, की टाळ्या. अनसूया ते बंद करायची. "ज्याचं सगळं पहिल्या फटक्यात जमतं तो शिकवत नाही, जादूचे प्रयोग करतो. माझा दिवा लागला नाही तर मी काय करायचं, ते ह्याच्याकडं आहे का?"

आणि मग सापडले लक्ष्मण मास्तर. हुबळीकडचे, कन्नड बोलणारे, कुठंतरी डिप्लोमाच्या मुलांना शिकवत असावेत. स्वयंपाकघराच्या टेबलावर मोबाईल टेकवून व्हिडिओ काढलेले, मागं कुकरची शिट्टी, बघणारे जेमतेम. बोर्ड मात्र आमच्या खोक्यातलाच. पहिल्याच धड्यात त्यांनी वायर लावली आणि दिवा लागला नाही. मास्तरांनी डोकं खाजवलं. "ईग एनातु?" म्हणाले, म्हणजे आता काय झालं? मग एकेक वायर बोटानं दाखवत शोधलं. एक वायर शेजारच्या भोकात गेली होती. काढली, नीट लावली, दिवा लागला. अनसूयेनं टेबलावर अशी थाप मारली की माझा चहा सांडला. "हा मास्तर!" म्हणाली. "हा खरा मास्तर! स्वतः चुकून दाखवतो!"

त्या दिवसापासून आमच्या घरात लक्ष्मण मास्तरांचं राज्य. अनसूया धडा ऐकायची, थांबवायची, तोच धडा स्वतःशी मराठीत म्हणायची. दुसरीच्या मुलांना समजेल असं म्हणता आलं तरच आपल्याला समजलं, हा तिचा नेम. ही चिप म्हणजे एक इमानी गडी, म्हणायची. काही पिनांमधून ती ऐकते, काही पिनांमधून बोलते. पिनेवर वीज आली की पिन वर गेली, वीज नसली की पिन खाली आली. वर, खाली. एवढी दोनच अक्षरं त्या गड्याला येतात, पण त्यातनं त्याच्याकडून पाहिजे ते काम करून घेता येतं.

मलाही सोडायची नाही. प्रोग्रॅममधला एखादा आकडा बदलायची आणि विचारायची, "आता दिवा लवकर विझेल की उशिरा? आधी तोंडानं सांगा, मग बघू." मी सांगायचो ते दरवेळी चुकायचं. एकदा बरोबर आलं तर हिनं मला गुळाचा खडा दिला. मी खाल्ला. का नाही खाणार?

दिव्याची युक्ती साधी होती. एका प्लास्टिकच्या डबीत स्टीलचे दोन स्क्रू बसवले. डबी उघड्या नळाखाली टांगलेली, घागर तिच्याखाली लावायची. तळाला बारीक भोक, म्हणजे पाणी गेलं की डबी परत कोरडी. एका स्क्रूला बोर्डाची वीज, दुसऱ्या स्क्रूची वायर ऐकणाऱ्या पिनेला. डबीत पाणी आलं की पाण्यातून वीज पलीकडच्या स्क्रूला पोचते, पिन वर जाते, दिवा लागतो. दिवा ठेवायचा लीलाच्या कसुतीच्या खुर्चीसमोर. स्क्रू स्टीलचेच का, तर मास्तरांनी तांब्याच्या वायरी लावून त्या हिरव्या पडलेल्या दाखवल्या होत्या.

हा पिनेनं ऐकण्याचा धडा लागला आणि इथंच माझी बायको फसली. मास्तरांच्या चित्रात त्या पिनेपासून ग्राउंडपर्यंत एक बारका रेझिस्टर जोडलेला. ग्राउंड म्हणजे वीज नसलेली बाजू, आमच्या भाषेत खाली. आणि चित्रावर बोट ठेवून मास्तर बजावून सांगत होते, "पिन खाली बिडब्याड्री!" पिन खाली सोडू नका. अनसूयेनं व्हिडिओ थांबवला. चित्र बघितलं. म्हणाली, "मास्तर म्हणतात पिन खाली सोडू नका, आणि चित्रात तर खाली जोडलीय. म्हणजे हे ते चुकीचं दाखवतायत. मास्तरांची रीतच आहे ती." आणि मोठ्या विश्वासानं तिनं आपल्या बोर्डाला लावलेला रेझिस्टर उपटून काढला.

डबीत पाणी ओतलं. दिवा लागला. डबी पुसली. दिवा विझला. आम्ही दोघं लहान मुलांसारखे हसलो आणि तसेच उठून लीलाकडं गेलो.

लीला तो दिवा बघून अनसूयेचा हात धरून बसली. पुढच्या खेपेला पाणी आलं, दिवा लागला, तिनं प्लास्टरच्या हातानं का होईना घागर लावली. मला वाटलं, जिंकलो.

कसलं काय! दोन दिवसांनी लीलानं मिक्सर लावला आणि दिवा लागला. धावली नळाकडं, पाणी नाही. पंखा लावला, दिवा लागला. कुणी डबीजवळून नुसतं गेलं तरी दिवा लुकलुकायचा. मी हात पुढं केला की लागायचा, मागं घेतला की विझायचा. माझं टाळकं सटकलं. मी त्या दिव्यावर ओरडलो, चक्क शिव्या दिल्या. लीला सारखी उठायची, नळापाशी जायची, परत यायची. शेवटी दिवा लागला तरी तिनं मान वर करणं सोडलं. आणि नेमकं त्याच आठवड्यात पाणी आलं, दिवा लागला, लीला हलली नाही. घागरी कोरड्या राहिल्या.

निखिलला ते शेजारणीकडून कळलं आणि त्यानं अनसूयेला फोन लावला. तो नम्रपणे बोलला, पण बोलला. "काकू, तुम्ही एवढं केलंत, खरंच. पण आता राहू द्या. ह्याच्यावर आईला सोडून मी झोपू शकत नाही."

अनसूयेनं सगळा प्रोग्रॅम पुन्हा तपासला. ओळ न् ओळ बरोबर. वायरी बदलल्या, हुबळीला जाऊन नव्या आणल्या. तरी तेच. एक दिवस ती बोर्ड मांडीवर घेऊन बसली आणि म्हणाली, "अहो, मला हे जमत नाहीये." जन्मात तिच्या तोंडून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. मी उठून चहा केला. दुसरं काय करणार?

दसरा झाला. निखिल शनिवारी येणार हे ठरलं. आम्ही बुधवारी लीलाकडं गेलो. तिनं बॅग काढून ठेवली होती. मिक्सर चालू झाला शेजारच्या घरात आणि इकडं दिवा लागला. लीलाचं मन बघा, पुन्हा एकदा तिनं घागर उचलली आणि नळाशी जाऊन उभी राहिली. अनसूयेसाठी गेली ती, पाण्यासाठी नाही. पाणी नव्हतंच. ती घागर कमरेवर घेऊन तशीच उभी. प्लास्टर नुकतं निघालेलं. अनसूया तिच्यासमोर गेली आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "अगं, खाली ठेव ती घागर."

लीला वैतागली. "खालीच आहे की! पाणी कुठं आलंय भरायला?"

मला हसू फुटलं. आमच्या धारवाडात हे नेहमीचंच. रिकाम्याला आम्ही खाली म्हणतो, आणि जमिनीवर ठेवायचं तरी खालीच म्हणतो. पण अनसूया हसली नाही. 

"काय म्हणालीस? परत म्हण."

"खाली आहे, म्हटलं. खाली म्हणजे मोकळी, रिकामी. तुला काय झालं?"

"अहो, चला," अनसूया मला म्हणाली, बोर्ड, दिवा, डबी सगळं उचललं आणि चप्पल न घालता रस्त्यावर निघाली. मी तिच्या चपला हातात घेऊन मागं. माळमड्डीतल्या सगळ्या लोकांनी बघितलं. बघू देत.

घरी येऊन तिनं मास्तरांचा धडा लावला. "पिन खाली बिडब्याड्री!" तिनं स्वतःच्या कपाळावर हात मारला. "कन्नडमध्ये खाली म्हणजे रिकामी! वर-खालीतल्या खालीला मास्तर केळग म्हणाले असते. जन्म गेला कन्नड बोलण्यात माझा! मास्तर कन्नडमध्ये सांगत होते आणि मी मराठीत ऐकत होते!"

मास्तर म्हणत होते, पिन रिकामी सोडू नका. आणि हिनं नेमकी रिकामीच सोडली होती. रिकामी पिन म्हणे काहीही ऐकते. मिक्सर, पंखा, माणसाचा हात, जे हवेतून येईल ते. म्हणून तिला त्या रेझिस्टरनं ग्राउंडला बांधून ठेवायचं. मग उगाच कशानं ती हलत नाही, पाण्यातून खरी वीज आली तरच वर येते. चित्र बरोबर होतं. मास्तर त्या धड्यात चुकलेच नव्हते.

अनसूयेनं खोक्यातून तो रेझिस्टर शोधला, जागेवर लावला आणि मला म्हणाली, "बघा, आलं का लक्षात? खाली बांधली की खाली राहत नाही." मी म्हणालो, "हे वाक्य कोर्टात म्हणाली असतीस तर जज्जांनी तुला बाहेर काढलं असतं." ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग मिक्सर लावला. पंखा लावला. मी डबीजवळ हात नेला, फिरवला, नाचवला. दिवा ढिम्म. डबीत पाणी ओतलं. लख्ख.

सगळं परत लीलाच्या घरी नेऊन बसवलं. पण तिथं त्याची परीक्षा व्हायची तर पाणी यायला पाहिजे, आणि पाणी काही येईना. गुरुवार कोरडा, शुक्रवार कोरडा. शनिवारी दुपारी निखिल गाडी घेऊन दारात. लीलाची भरलेली बॅग कॉटवर. अनसूया दाराशी उभी, मी तिच्या मागं. निखिलनं दिव्याकडं बघितलं. "काकू, अजून आहे का हा?"

"आहे," अनसूया म्हणाली. "तुझी गाडी घटकाभर थांबेल का?"

"थांबली तरी काय होणार, काकू? पाणी आजच येईल कशावरून? आणि दिवा खरं बोलेल कशावरून?" त्याचंही खरं होतं. तो कॉटच्या कडेला बसला आणि फोनवर कुणाशी तरी कामाचं बोलू लागला, दार उघडं, रस्त्यावर रिक्षांचा आवाज. शेजारी मिक्सर सुरू झाला. माझा जीव वरखाली. मी दिव्याकडं बघितलं. लागला नाही. अनसूयेनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की तो नंतर दुखला.

लीला खिडकीपाशी आपल्या खुर्चीत बसून एका साडीचं शेवटचं गोपुर पुरं करत होती, द्यायचं राहिलं होतं म्हणून. तिची सुई थांबली. दिवा लागला होता.

तिनं त्याच्याकडं बघितलं. मला वाटलं, ही आता उठणार नाही. किती वेळा फसायचं माणसानं! तिनं मग अनसूयेकडं बघितलं. अनसूया नुसती उभी होती. लीलानं सुई साडीला टोचून ठेवली, घागर उचलली आणि आत गेली.

आतून घागरीत धार पडल्याचा आवाज आला.

निखिल फोनवर बोलता बोलता थांबला. त्याला दोन चांगले कान आहेत. त्यानं नळ ऐकला नव्हता. मी ऐकला नव्हता. गल्लीत अजून कुणाचीच घागर वाजली नव्हती. त्या दिवशी अख्ख्या गल्लीत पाणी सगळ्यांच्या आधी कळलं ते लीलाला. बाहेर जाऊन मीच ओरडलो, "पाणी आलं रे!" आणि सगळ्या बाया धावल्या. माझा आवाज फुटला ओरडताना. अभिमानानं फुटला, सांगायला लाज कसली?

निखिल आत गेला. आईच्या हातातून भरलेली घागर घेतली, ओट्यावर ठेवली, दुसरी लावली. मग डबीपाशी वाकून बराच वेळ ते दोन स्क्रू बघत राहिला.  सगळी भांडी भरली, नळ कोरडा झाला, डबी रिती झाली आणि दिवा आपला आपण विझला. त्यानं बाहेर येऊन पंखा लावून बघितला, दिवा ढिम्म. तेव्हा तो अनसूयेच्या पाया पडला. 

लीला पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं लेकाला आपल्याकडं वळवलं, त्याचे ओठ बघत विचारलं, "जेवून जाशील ना?" त्यानं मान हलवली. मग ती कॉटकडं बोट दाखवून म्हणाली, "आधी ती बॅग खाली कर."

निखिलनं बॅग कॉटवरून उचलली आणि जमिनीवर ठेवली. पुण्यात राहून त्याचं मराठी पार धुऊन निघालंय.

अनसूया खो खो हसायला लागली. लीलाला तिचं हसणं दिसलं, कशाला ते कळलं, आणि तीही हसली.

"अरे खाली ठेव नाही म्हटलं," ती लेकाला म्हणाली. "खाली कर. साड्या काढ आणि माझ्या कपाटात परत लाव."